रामाच्या नावावरचा टिलर

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागून नऊ दिवस झाले होते आणि त्या नऊ दिवसांत राजेंद्र गुरुजींनी थोरल्या भावाला एकदाही फोन केला नव्हता. दहाव्या दिवशी, रविवारी दुपारी, ते महाडहून पोलादपूरला आले आणि तिथून वडापच्या जीपने आंबेशेतच्या फाट्यावर उतरले. फाट्यापासून बौद्धवाडीपर्यंतचा चढ त्यांनी दोनदा थांबून चढला.

यादी त्यांच्याच अर्जावरून लागली होती. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी माहितीच्या अधिकारात विचारलं होतं, की गेल्या पाच वर्षांत शेतीच्या अवजारांसाठी सरकारी अनुदान गावात कुणाकुणाला मिळालं, आणि ती नावं सगळ्यांना वाचता येतील अशी भिंतीवर का लावत नाहीत. उत्तर यायला दीड वर्ष लागलं. गुरुजींना खात्री होती, की यादीत गावातल्या बड्या शेतकऱ्याच्या, महिपतीच्या घरातली चार नावं निघणार. त्या घरातलं एकही नाव निघालं नाही. चौदाव्या नंबरावर होतं, ‘रामा धाकू खांबे, पॉवर टिलर, अनुसूचित जाती’. रामा म्हणजे तो थोरला भाऊच, आणि त्याच्या अंगणात गुरुजींनी आजवर नांगरणीचं असलं यंत्र सोडा, लाकडी नांगराशिवाय काही पाहिलं नव्हतं.

अंगणात मंजुळावहिनी सुपात वाल पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“भाऊजी, एकलेच आलाव? उज्वला नाय आली?”

“तिला बरं नव्हतं,” गुरुजी म्हणाले.

ते खोटं होतं. त्यांची बायको उज्वला सकाळी म्हणाली होती, “दादांना आधी विचारायचं होतं. आता जाऊन काय विचारणार आहात?” आणि चहाचा कप उचलून आत निघून गेली होती.

रामा पडवीत बसला होता. भावाला बघून तो उठला नाही, फक्त बाजूला सरकून त्याने बसायला जागा केली. घरात सुशांतही होता. रामाचा हा एकुलता मुलगा महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत ठेकेदाराच्या माणसांत कामाला होता, आणि आज त्याची सुट्टी होती.

“दादा, यादी बघितलीस?”

“बघितली. वाचता येतं मला.”

“टिलर कुठे आहे?”

“महिपतीच्या गोठ्यात. दोन वर्सं झाली.”

गुरुजींनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने त्यांनी काचा पुसल्या. वाटेत मनात जुळवलेली वाक्यं आता त्यांना जड वाटत होती.

“तुझा सातबारा, तुझा जातीचा दाखला. आपल्या लोकांसाठी म्हणून सरकारने वेगळा कोटा ठेवलाय, अर्धे पैसे सरकार भरतं. त्या कोट्यातलं यंत्र त्याच्या गोठ्यात उभं. या हक्कापायी आपल्या आजाने काय सोसलं, ते बाबा दर मार्चला चवदार तळ्यावर नेऊन सांगायचे ना आपल्याला? तू माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलंयस.”

“ऐकलंय,” रामा म्हणाला. “पुढं बोल.”

“पुढे काय बोलू? का दिलास?”

रामाला सांगायचं नव्हतं असं नव्हे. एवढं सगळं पहिल्यापासून सांगायचा त्याला कंटाळा आला होता.

“त्या जुलैत दरड आली तेव्हा तू महाडात पाण्यात होतास,” तो म्हणाला. “तुझं घर माळ्यापर्यंत बुडालं, म्हणून तुला काय सांगलं नाय. इथं ओढ्यानं वरचा डोंगर आणून आपल्या दोन्ही खाचरांत टाकलान. माणसाएवढे दगड. पंचनाम्यात गटनंबर चुकला, भरपाईच्या यादीत आपलं नावच नाय. मी आनि ही, दोघं पाट्या घेऊन दगड काढत व्हतो. तिसऱ्या दिवशी महिपती जेसीबी घेऊन आला. कोणी सांगलं नव्हतं त्याला. तीन दिवस चालवलान. डिझेल त्याचंच.”

“आणि मग?”

“मग पुढच्या वर्सी आला, म्हणाला, रामा, कागद दे. दिले.”

“तो उपकार नव्हता दादा, तो...”

“उपकारच व्हता तो,” मंजुळावहिनी अंगणातून म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “आमची खाचरं मोकळी झाली. त्या साली भात आलं. तुमच्याकडं बारक्या पोत्यातून तांदूळ आले ना भाऊजी, ते त्यातलेच.”

गुरुजींनी पुतण्याकडे बघितलं. “तुला माहीत होतं?”

सुशांत दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. “फॉर्म मीच भरला काका. बाबांच्या मोबाइलवर ओटीपी आला, तो मी टाकला. अनुदान खात्यात आलं, तेही मीच काढून नेऊन दिलं.” तो जरा थांबला. “माझा ठेकेदार महिपतीकाकांचा भाचा आहे. तुम्हाला ते पण माहीत नसेल.”

गुरुजींना माहीत नव्हतं. गावापासून ते फक्त बावीस किलोमीटरवर राहत होते.

“उद्या अकराला कृषी विभागाच्या मॅडम येणारेत,” सुशांत म्हणाला. “यादी लागल्यावर तक्रारी गेल्या. यादीतलं प्रत्येक यंत्र ज्याचं त्याच्या दारात आहे का, ते बघणार. टिलर दिसला नाही तर वसुली, आणि पुढे कुठल्याच योजनेत बाबांचं नाव नाही.”

“मी तक्रार केलेली नाही.”

“अर्ज तर तुम्हीच केलात ना काका.”

*

चारच्या सुमाराला महिपती आला. मोटारसायकल त्याने वाडीच्या तोंडाशी, जांभळीखाली लावली आणि चालत आला. रामाच्याच वयाचा, पण पाठ अजून ताठ. मंजुळाने त्याला पडवीत खुर्ची दिली. तिच्या सासऱ्यांच्या काळी महिपतीचा बाप या अंगणात बसत नसे, उभ्याउभ्या काम सांगून जाई. महिपती बसतो, चहा घेतो. मंजुळा ते विसरत नसे. आणि रामा त्याला ‘महिपतीभाऊ’ म्हणतो, तो मात्र रामाला नुसता ‘रामा’ म्हणतो, हेही ती विसरत नसे.

“गुरुजी, बरं झालं आलात,” महिपती म्हणाला. “तुमच्यावर माझा राग नाही. माहिती मागितलीत, तुमचा हक्क आहे. पण झालं काय, की अडकला रामा.”

“अडकवला कुणी?”

“तो मीच. नाही म्हणत नाही मी.” महिपतीने कपाळ पुसलं. “आमच्या वर्गात अर्ज केला तर सोडतीत नंबर लागायला चार वर्षं. ह्याच्या नावाने पहिल्याच वर्षी लागला. ह्याची शेती मी फुकट नांगरून देतो, दोन्ही वर्षं दिली. ह्याला विचारा.”

“दिलान,” रामा म्हणाला.

“मग आता असं करू. संध्याकाळी पिकअपमधून टिलर इथे आणून ठेवतो. उद्या मॅडम येतील, नंबर बघतील, फोटो काढतील, जातील. परवा मी घेऊन जातो. कुणाचं काही जात नाही.”

मंजुळाने दिराकडे बघितलं. दीर आता उठेल, शाळेतल्यासारखा बोलेल, असं तिला वाटलं. वाडीत लग्नाआधी हुंडा मागितला म्हणून ह्याच माणसाने एकदा भर मांडवातून सोयऱ्यांना परत पाठवलं होतं. तिला त्या वेळी त्याचा अभिमान वाटला होता, आणि थोडी भीतीही.

गुरुजी मान खाली घालून बसले होते. त्यांनी भावाच्या हातांकडे बघितलं, मग पुतण्याकडे.

“आणा,” ते म्हणाले.

सुशांतने श्वास सोडला. महिपती लगेच उठला, जणू जास्त थांबलं तर कुणाचं मन बदलेल. मंजुळाने सूप उचललं आणि पाखडलेलेच वाल ती पुन्हा पाखडू लागली. तिला दिराचा राग आला नाही. तिला एवढंच वाटलं, की दीड वर्ष कागद लिहिणारा हा माणूस एका संध्याकाळभरात म्हातारा झाला.

रामाला कुणी विचारलंच नव्हतं.

टिलर उजेड असतानाच आला. पिकअपमधून फळी लावून तो उतरवला तेव्हा अर्धी वाडी कुंपणाशी येऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही. यादी सगळ्यांनी वाचली होती. फक्त शेजारचा भिकाजी, ज्याला हल्ली धड दिसत नसे आणि यादी कुणी वाचून दाखवली नव्हती, तो काठी टेकत पुढे आला आणि त्याने यंत्राच्या मुठीवर हात फिरवला.

“रामा, टिलर घेतलास? बरं केलंस रे बाबा. माझं पण तेवढं खाचर फिरवून दे औंदा. बैल कुठं परवडतात आता.”

रामाने तोंड उघडलं, पण काही बोलता आलं नाही. भिकाजी उत्तराची वाट बघत तसाच उभा राहिला. शेवटी मंजुळाच पुढे झाली आणि त्याला हाताला धरून त्याच्या दारापर्यंत सोडून आली.

*

दुसऱ्या दिवशी अकराच्या ऐवजी साडेबाराला मॅडम आल्या. सोनाली नाव, तिशीच्या आतबाहेर, ओढणी डोक्यावरून घेतलेली. स्कूटर त्यांनी स्वतःच चढावर आणली होती. कशेडीच्या बाजूची दोन गावं करून आल्या होत्या आणि अजून पाच यंत्रं बघायची होती. पाणी पिऊन त्या सरळ टिलरपाशी गेल्या, खाली वाकून इंजिनवरचा नंबर त्यांनी मोबाइलमधल्या नंबराशी ताडून बघितला.

“जुळतो. आजोबा, इकडे उभे राहा. मुठीवर हात ठेवा. वर बघा.”

रामाने मुठीवर हात ठेवला. फोटो निघाला.

“चालू करून दाखवता?”

रामाने यंत्राकडे बघितलं. ते कुठून चालू करतात, ते त्याला माहीत नव्हतं. सुशांत पुढे झाला आणि म्हणाला, “मी करतो मॅडम, ते चालवायला मीच असतो.” सोनाली मॅडमनी सुशांतकडे बघितलं, मग चाकांच्या पात्यांत अडकून सुकलेल्या लाल मातीकडे, मग कुंपणाबाहेर मोटारसायकलीवर बसून राहिलेल्या महिपतीकडे. त्यांना सगळं कळलं असावं. महिन्याभरात असे किती टिलर त्यांनी बघितले होते, कुणास ठाऊक.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “यंत्र जागेवर आहे, नंबर जुळला, फोटो आला. माझ्या फॉर्मात एवढंच आहे. इथे सही करा.”

रामाने पेन हातात घेतलं. कागदावर छापलं होतं, ‘यंत्र लाभार्थ्याच्या ताब्यात व वापरात आहे’. ओळ त्याने बोट ठेवून हळूहळू वाचली. बाजूच्या अंगणात भिकाजी बाजेवर बसलेला होता आणि कान इकडे लावून होता.

“मॅडम, हा माझा नाय,” रामा म्हणाला.

“बाबा,” सुशांत म्हणाला.

“माझ्या नावावर हाय. माझा नाय. काल संध्याकाळी आणून ठेवलाय.”

सोनाली मॅडमनी फाइल मिटली नाही. त्यांनी ओढणी मागे सारली आणि पडवीच्या पायरीवर बसल्या. “आजोबा, तुम्ही सही करून मोकळे झाला असता. मी पण. आता हे बोललात तर मला जबाब घ्यावा लागेल. अनुदानाची वसुली तुमच्याकडून होईल, दुसऱ्या कुणाकडून नाही. पैसे तुमच्या खात्यात आलेत. कळतंय ना?”

“कळतंय.”

“मग?”

“शेजाऱ्याला खोटं सांगता आलं नाय काल. तुमास्नी कसं सांगू?”

सुशांत अंगणाच्या टोकाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. दोनची पाळी होती, त्याला आता निघायलाच हवं होतं. मॅडमनी कोरा कागद काढला.

“लिहून देणार कोण? तुम्ही लिहाल?”

“वाचतो मी. लिहायचा हात कधी बसलाच नाय.” रामाने भावाकडे बघितलं. “हा लिहील. मास्तर हाय.”

गुरुजींनी कागद मांडीवर घेतला. चौतीस वर्षं त्यांनी फळ्यावर अक्षरं गिरवून दाखवली होती, जिल्ह्यात त्यांच्या अक्षराचं नाव होतं. पहिल्याच ओळीत ‘खांबे’मधला अनुस्वार रेषेबाहेर पडला. ‘मी, रामा धाकू खांबे, राहणार आंबेशेत, लिहून देतो की सदर पॉवर टिलर माझ्या नावावर घेतला असून तो प्रत्यक्षात महिपती...’

“नाव लिहू का?” त्यांनी विचारलं.

“लिही. पण आधी दुसरं लिही. दरडीच्या साली माझी दोन्ही खाचरं दगडानं भरली. सरकारी यादीत माझं नाव नव्हतं. महिपतीनं तीन दिवस जेसीबी लावलान, एक पैसा घेतला नाय.”

“ते जबाबात लागत नाही आजोबा,” मॅडम म्हणाल्या. “यंत्र कुणाकडे होतं, एवढंच हवंय.”

“मग मी सही नाय करनार.”

“दादा,” गुरुजी म्हणाले, “ते लिहिलं तर असं दिसेल, की तू बदल्यात...”

“बदल्यातच दिलं. तेच सांगतोय मी. नुसतं अर्धं भिंतीवर लावून काय उपेग? नाव वाचून सगळी वाडी समजली मी कागद विकले. काय झालं ते सगळं लिही.”

गुरुजींनी मॅडमकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले. “लिहा. पानाला जागा आहे.”

गुरुजींनी लिहिलं. लिहून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, मोठ्याने वाचा, जबाब वाचून दाखवायचा असतो. ते वाचू लागले तेव्हा महिपती मोटारसायकलीवरून उतरून कुंपणाशी येऊन उभा होता. आपलं नाव येणार, हे त्याला ठाऊकच होतं. तालुक्याला जावं लागेल, वकील बघावा लागेल, मुलं म्हणतील म्हाताऱ्याने घोळ केला. जेसीबीचं वाक्य येईल, असं मात्र त्याला वाटलं नव्हतं. तो चुलतभावाचा जेसीबी होता. मंजुळा डोक्यावरून दगड नेताना त्याला रस्त्यावरून दिसली होती, आणि त्याने फोन लावला होता, एवढंच. टिलरचा विचार तेव्हा त्याच्या मनातही नव्हता. तो वर्षभराने आला, आणि तेव्हा मात्र रामा नाही म्हणणार नाही याची त्याला खात्री होती. ती खात्री कशामुळे होती, ते आज ऐकताना त्याला बरं वाटलं नाही.

“हे खरं आहे?” मॅडमनी त्याला विचारलं.

महिपतीने घसा साफ केला. “तीन नाही. चार दिवस लावला होता. चौथ्या दिवशी ओढ्याचं तोंड मोकळं केलं.”

मॅडमनी रामाकडे बघितलं. रामाने थोडा विचार केला. “खरं हाय. चार. चौथ्या दिवशी मी तालुक्याला भरपाईचं इचारायला गेलो व्हतो.”

गुरुजींनी ‘तीन’वर रेघ मारली, वर ‘चार’ लिहिलं आणि बाजूला भावाची आद्याक्षरं घ्यायला कागद पुढे केला. रामाने सही केली. महिपतीने मॅडमना स्वतःचा फोन नंबर सांगितला, नोटीस कुठे पाठवायची ते सांगितलं, आणि निघताना म्हणाला, “टिलर असू दे इथेच, न्यायचा तर सरकारने नेऊ दे.” कुणाचा निरोप न घेता तो गेला.

सुशांतने डबा पिशवीत टाकला. बापाशी तो बोलला नाही. काकांपाशी मात्र थांबला.

“आज गेटवर आत घेतात का बघतो,” तो म्हणाला आणि चढ उतरून गेला.

जेवायला दोघे भाऊ समोरासमोर बसले. बिरडं आणि भाकरी होती. मंजुळाने पळी पुढे केली तेव्हा गुरुजींनी ताटावर हात धरून नको म्हटलं.

“दादा, मी अर्ज केला नसता तर...”

“अर्ज बरा केलास,” रामा म्हणाला. “लोकांना कळाया पायजे कुणाला काय मिळतं. बरोबरच हाय ते. फक्त मला एकदा इचारायचं होतंस. मी सांगलं असतं तुला, चौदावं नाव माझं हाय म्हणून. मग केला असतास तरी चाललं असतं.”

“मला वाटलं, मला माहीत आहे सगळं गावाचं.”

“तुला यादी म्हाईत हाय,” रामा म्हणाला, आणि भाकरी मोडून त्याने अर्धी भावाच्या ताटात ठेवली. “वसुलीचं काय ते बघू. हप्ते पाडून देत असतील.”

“माझी पेन्शन आहे.”

“असू दे तुझी पेन्शन. उज्वलाला इचार आधी.”

मंजुळा चुलीपाशी बसली होती. दोन वाजून वीस मिनिटांनी तिचा मोबाइल वाजला. तिने तो कानाला लावला, नुसतं ऐकलं, दोनदा “बरं” म्हणाली आणि ठेवला. दोघे भाऊ हात थांबवून तिच्याकडे बघत होते.

“आत घेतलान,” ती म्हणाली. “आजच्याला.”

मग तिने दिराच्या ताटात आणखी एक पळी बिरडं वाढलं, आणि या वेळी तो नको म्हणाला नाही.